दूरस्थ चिकित्सा आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचा रुग्ण

मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीचे सुसंगत वर्णन ज्याँ मार्तँ शार्को यांनी 1868 साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात केले, तेव्हा त्यांच्यापाशी साधने मोजकीच होती : रुग्णाकडे दीर्घकाळ आणि चिकाटीने पाहणारी दृष्टी, आणि मृत्यूनंतर मेंदूच्या व मज्जारज्जूच्या छेदांत कठीण झालेले चट्टे शोधणारे सूक्ष्मदर्शक यंत्र. त्यांचेच शिष्य जोसेफ बाबिन्स्की यांनी 1896 मध्ये असे दाखवून दिले की तळपायावर रेघ ओढली असता अंगठा वर उचलला जातो की खाली वळतो, एवढ्यावरून मेंदूपासून निघणाऱ्या आज्ञामार्गाला इजा पोहोचली आहे किंवा नाही हे ओळखता येते. आणि मज्जाविकारतज्ज्ञाची तपासणी ही पाहणे, ऐकणे आणि हात लावणे या तिन्ही क्रियांनी मिळून पुरी होते, असा जो पायंडा त्या काळात पडला तो आजतागायत मोडलेला नाही. दूरस्थ चिकित्सा या तिन्हींपैकी शेवटची क्रिया काढून घेते. सबब, गमावलेल्या स्पर्शाच्या बदल्यात या व्याधीच्या रुग्णाच्या पदरी नेमके काय पडते, आणि हा व्यवहार कोणत्या अटींवर त्याच्या हिताचा ठरतो, याचा विचार स्वस्थपणे करणे आवश्यक आहे. कारण महासाथीच्या वर्षांत निरुपायाने पत्करलेली ही पद्धत आता सवयीची झाली आहे, आणि सवयीच्या गोष्टींची परीक्षा सहसा कोणी घेत नाही.

प्रथम व्याधीचे स्वरूप. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारी दृष्टिचेता यांतील तंतूंभोवतीच्या मायलिन नावाच्या वेष्टनावर हल्ला करते, आणि जेथे हे वेष्टन उसवते तेथे संदेशांचे वहन मंदावते, अडखळते किंवा पार थांबते. हल्ला कोठे होईल याचा नेम नसल्यामुळे एका रुग्णाचा एक डोळा दुखून धूसर होतो, दुसऱ्याचे पाय जड पडतात, तिसऱ्याला मान वाकवताच पाठीतून वीज उतरल्यासारखे वाटते, आणि चौथ्याला लघवी रोखता येत नाही अथवा सुरूच करता येत नाही. बहुतेकांना व्याधी गाठते ती वीस ते चाळीस या वयात, म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न आणि मुले यांच्या ऐन धामधुमीत. आणि स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून कमी नाही. आरंभी सुमारे 85 टक्के रुग्णांत ती झटक्यांनी येते व ओसरते, आणि पुढे पुष्कळांत हळूहळू पण सतत वाढत जाते. 1993 मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा हे पहिले औषध मान्य झाले. आज झटक्यांची संख्या घटवणारी डझनाहून अधिक औषधे उपलब्ध आहेत, परंतु त्यांतील बहुतेक वर्षानुवर्षे, नियमित देखरेखीखाली घ्यावी लागतात. व्याधीचे आयुष्य असे तीन-चार दशकांचे, आणि वैद्याची व तिची गाठ पडते ती वर्षातून तीन-चार वेळा, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटे. व्याधीचा जो काही संसार चालतो तो दोन भेटींच्या मधल्या काळात चालतो, ही गोष्ट दूरस्थ चिकित्सेचा विचार करताना क्षणभरही नजरेआड होता कामा नये.

जगभरात या रुग्णांची संख्या 2020 साली सुमारे 28 लाख मोजली गेली. हिंदुस्थानात ती व्याधी जवळजवळ नाहीच, असा समज फार काळ होता. तो ढळण्यास जी कारणे झाली त्यांत मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया यांनी पारशी समाजात केलेल्या आणि 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा वाटा मोठा आहे, कारण त्या समाजात हे प्रमाण लाखामागे वीसहून अधिक आढळले. पुढे एमआरआयची यंत्रे जिल्ह्याच्या गावी पोहोचली आणि जे रुग्ण पूर्वी ‘पायातला वारा’ किंवा ‘मनाचा अशक्तपणा’ म्हणून घरी बसत त्यांना रोगाचे खरे नाव मिळू लागले. 1985 साली मुंबईत स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या शाखा आज अनेक शहरांत आहेत. पण निदानाचे यंत्र जितके पसरले तितका निदान करणारा माणूस पसरला नाही. मज्जाविकारतज्ज्ञ मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांतच एकवटलेले, आणि त्यांतही या एका व्याधीचा विशेष अनुभव असणारे अगदीच थोडे. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाचा रुग्ण नागपूर गाठतो, दोडामार्ग-सावंतवाडीकडचा गोव्यातील बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जातो, नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातला कधी नाशिकला तर कधी सुरतेला. आणि प्रत्येकाचा एक सोबती त्या दिवसाची मजुरी किंवा रजा बुडवून त्याच्याबरोबर निघतो.

प्रवास सर्वच रुग्णांना कष्टाचा असतो. मग या रुग्णांचे वेगळे काय, असे कोणी विचारील. वेगळेपण दोन गोष्टींत आहे. या व्याधीत जो शीण येतो तो श्रमानंतरचा थकवा नसून सकाळी अंथरुणातच गाठणारा, विश्रांतीने न फिटणारा असा असतो, आणि रुग्ण आपल्या तक्रारींत त्याला पुष्कळदा पहिले स्थान देतात. दुसरी गोष्ट उष्णतेची. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म ऊटहॉफ यांनी 1890 मध्ये नोंदवले की शारीरिक श्रम केले की या रुग्णांची दृष्टी मंदावते. आज आपल्याला ठाऊक आहे की याच्या मुळाशी अंगातली वाढलेली उष्णता असते; वेष्टन गमावलेला तंतू तापमानातील अल्पशा वाढीनेही संदेशवहन सोडून देतो आणि अंग थंड झाल्यावर ते पुन्हा सुरू करतो. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. त्या उन्हात एसटीने निघालेली बाई, जी घरातून स्वतःच्या पायांनी बाहेर पडली, ती दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत सोबत्याच्या खांद्यावर आलेली असते. आणि डॉक्टर तिची तपासणी करून जी शक्ती नोंदवतात ती तिच्या नेहमीच्या दिवसाची नसून त्या प्रवासाची असते. दूरस्थ चिकित्सेच्या बाजूने मांडले जाणारे सोयीचे आणि खर्चाचे युक्तिवाद मला मान्य आहेत. पण या रुग्णांच्या बाबतीत सर्वांत बळकट युक्तिवाद हा आहे की घरी बसलेला रुग्ण वैद्याला अधिक खरा दिसण्याचा संभव असतो.

आपल्या देशात या पद्धतीचा इतिहास समजतो तितका नवा नाही. आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्याचे आरगोंडा हे गाव आणि चेन्नईचे अपोलो रुग्णालय या शतकाच्या आरंभीच दूरसंपर्काने जोडले गेले होते, आणि इस्रोने उपग्रहाद्वारे असे दुवे अनेक ठिकाणी उभारले. परंतु डॉक्टर आणि रुग्ण यांनी आपापल्या जागी बसून बोलावे, याला नियमांचे स्पष्ट अधिष्ठान मिळाले ते 25 मार्च 2020 रोजी, म्हणजे देशव्यापी टाळेबंदी लागू झाली त्याच दिवशी, भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी नेमलेल्या नियामक मंडळाने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली तेव्हा. त्यांत चित्रसंवाद, नुसता आवाज आणि लिखित संदेश या तिन्ही मार्गांना मुभा आहे. औषधांच्या याद्या ठरवून, कोणते औषध पहिल्याच दूरभेटीत देता येईल, कोणते केवळ पाठपुराव्यात आणि कोणते मुळीच नाही, हे सांगितले आहे. आणि प्रत्यक्ष तपासणीची गरज आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार व जबाबदारी डॉक्टरावर टाकली आहे. घाईच्या दिवसांत निघालेला हा दस्तऐवज एकंदरीत विवेकी आहे. त्यातील भेद प्रस्तुत व्याधीला चांगला लागू पडतो, कारण येथे पहिली भेट आणि पाठपुरावा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पहिल्या भेटीबद्दल माझे मत निःसंदिग्ध आहे : निदान दुरून होऊ नये. मॅकडॉनल्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे निदानाचे निकष 2001 पासून वारंवार सुधारले गेले, त्यांत एमआरआयला अधिकाधिक वजन मिळत गेले, आणि त्याचा एक अनिष्ट परिणाम असा झाला की चित्रातले पांढरे ठिपके पाहूनच व्याधीचे नाव उच्चारले जाऊ लागले. आपल्याकडे क्षयरोग आहे, ब-12 जीवनसत्त्वाची उणीव आहे, आणि दृष्टिचेता व मज्जारज्जू यांनाच ग्रासणारा निराळा विकार, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, तोही आहे. या शेवटच्या विकाराची ओळख पटवणारे प्रतिपिंड 2004 मध्ये सापडले, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधे त्या विकाराला अपायकारक ठरतात हेही पुढे ध्यानात आले. अशा स्थितीत, खिडकीच्या काचेवर किंवा ट्यूबलाइटसमोर धरलेल्या एमआरआयच्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवणे आणि त्यावरून मत मागणे, हा जो प्रघात सर्वत्र पडला आहे, तो बंद झाला पाहिजे. त्या फोटोत बारीक चट्टे नाहीसे होतात आणि उजेडाची तिरीप चट्ट्यासारखी दिसते. तपासणी केंद्राकडून मूळ संगणकीय चित्रे सीडीवर किंवा दुव्याच्या रूपाने मागून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि ती जुन्या चित्रांशी ताडून पाहिल्याशिवाय नव्या चट्ट्याचा निर्णय देऊ नये.

निदान प्रत्यक्ष झाले, उपचार ठरला, आणि मग पुढची वर्षे सुरू झाली; येथून दूरस्थ चिकित्सेचे खरे क्षेत्र उघडते. त्यात प्रथम प्रश्न तपासणीचा. अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञ जॉन कर्ट्झकी यांनी 1983 मध्ये रूढ केलेली अपंगत्वाची मोजपट्टी शून्य ते दहा अशी, अर्ध्या-अर्ध्या पायरीची आहे. चारच्या पुढे ती मुख्यतः चालण्याच्या अंतरावर चढते, आणि सहा म्हणजे शंभर मीटर जाण्यासाठी एका बाजूला काठीचा आधार लागणारा रुग्ण. बाल्टिमोरच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातील वैद्यांनी 2008 मध्ये, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील वैद्यांनी त्यानंतर दशकभराने, दुरून काढलेला गुणांक व प्रत्यक्ष काढलेला गुणांक ताडून पाहिले. दोहोंत बहुधा बऱ्यापैकी मेळ आढळला. हे वाचून हर्ष होतो, पण मोजपट्टी जुळली म्हणजे तपासणी जुळली असे नव्हे. डोळ्यांची हालचाल, बोलणे, हाताच्या बोटाने नाक गाठणे, उभे राहणे, वळणे, चालणे हे कॅमेऱ्यातून पुरेसे दिसते. अंकांशी चिन्हे जुळवण्याची बौद्धिक चाचणी तोंडी घेता येते. लाल रंग एका डोळ्याला फिका दिसतो का, हे कुंकवाचा करंडा आळीपाळीने एकेका डोळ्यापुढे धरूनही विचारता येते. परंतु दृष्टिचेतेचे टोक पाहता येत नाही, हातोडीचा ठोका देता येत नाही, स्नायूंचा ताठरपणा हातात घेऊन अजमावता येत नाही, आणि बाबिन्स्कींची ती रेघ दुरून ओढता येत नाही. रुग्णाच्या नवऱ्याला किंवा मुलीला किल्लीने रेघ ओढायला सांगण्याची युक्ती काही डॉक्टर करतात. त्या युक्तीने मिळालेल्या उत्तरावर औषध बदलू नये, असे मी म्हणेन.

चालण्याच्या चाचणीलाही आपल्या घरांत अडचण येते, आणि तिचा विचार परदेशी ग्रंथांत क्वचितच आढळेल. 25 फूट अंतर रुग्णाने शक्य तितक्या लवकर पण सुरक्षितपणे चालावे, आणि लागलेला वेळ सेकंदांत मोजावा, अशी ही साधी चाचणी. 25 फूट म्हणजे साडेसात मीटरांहून थोडे अधिक. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याने ते कोठून आणावे? चाळीत सामाईक गॅलरी असते, तेथे अंतर मिळते, पण सगळ्या बिऱ्हाडांच्या दारांतून डोळे लागतात. खेड्यात अंगण असते, पण तेथे जमीन समतल नसते आणि शेजार जवळच असतो. ज्या बाईने आपला आजार वर्षानुवर्षे पाठदुखी म्हणून सांगितला तिने फोन हातात धरलेल्या दिरासमोर आणि गावासमोर झोकांड्या खात चालून दाखवावे, ही अपेक्षा करण्याआधी डॉक्टराने दोनदा विचार करावा. खोलीतच दहा फूट जाऊन वळून परत येणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, आणि ह्याच गोष्टी दर तीन महिन्यांनी त्याच खोलीत, त्याच चपलांनी, दिवसाच्या त्याच प्रहरी पुन्हा मोजणे, हा मार्ग शास्त्रशुद्ध तुलनेला पुरा पडत नसला तरी त्या एका रुग्णाचा चढ-उतार दाखवण्यास पुष्कळ उपयोगी आहे. घरात डोकावणाऱ्या कॅमेऱ्याचा एक लाभ असाही की उंबरठ्याची उंची, न्हाणीघराची ओली फरशी, आधाराला दांडी नसलेले भारतीय बैठकीचे संडास आणि माळ्याकडे जाणारा अरुंद जिना हे सर्व दवाखान्यात बसून कधीच दिसत नाही. आणि या व्याधीतील पडझडी व हाडे मोडण्याचे प्रसंग बहुधा याच जागी घडतात.

खासगीपणाचा प्रश्न मात्र वरवरचा नव्हे. मूत्राशयाच्या तक्रारी, बद्धकोष्ठ, शरीरसंबंधातील अडचणी, गर्भधारणेचा बेत आणि त्यासाठी औषध थांबवण्याची तजवीज, आणि सर्वांत वर विषण्णता, या गोष्टी या व्याधीच्या केंद्रस्थानी आहेत. आणि एकत्र कुटुंबात, ज्या घरात मोबाइल एकच आणि तोही सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावाचा, तेथे सून त्या उच्चारूही शकत नाही. दवाखान्यात निदान दार लावून सोबत्याला बाहेर बसवता येते. दुरून बोलणाऱ्या डॉक्टराने म्हणूनच आरंभी, ‘आत्ता जवळ कोणी आहे का, मोकळेपणाने बोलता येईल का,’ असे हो-नाहीत उत्तर देण्याजोगे प्रश्न विचारावेत, आणि नाजूक विषयांसाठी दुसरी वेळ, कदाचित आशाताई किंवा परिचारिका घरी असतानाची, ठरवून घ्यावी. ध्वनिचित्रमुद्रण रुग्णाच्या संमतीवाचून होऊ नये, हे सांगण्याचीही गरज पडू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली संमत झाला आहे, पण कायदा फोनच्या पलीकडे बसलेल्या सासूपर्यंत पोहोचत नाही.

आता त्या मधल्या काळाकडे वळू. या व्याधीचा रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये सर्वाधिक वेळा उठणारा प्रश्न एकच : हा नवा झटका आहे का? व्याख्येप्रमाणे झटका म्हणजे ताप किंवा संसर्ग नसताना किमान 24 तास टिकलेले नवे अथवा वाढलेले लक्षण. पण मूत्रमार्गाचा साधा संसर्ग झाला, ताप चढला, किंवा ऊन लागले, तरी जुने चट्टे जागे होऊन हुबेहूब झटक्यासारखे चित्र उभे राहते. रुग्ण घाबरून गावातल्या डॉक्टरकडे जातो, तेथे जुना कागद पाहून तीन ते पाच दिवस मिथाइलप्रेड्निसोलोन सलाईनमधून दिले जाते, आणि मूळ संसर्ग, कधी दबून बसलेला क्षय, कधी मधुमेह, या स्टेरॉइडच्या आडोशाने फोफावतो. अशा वेळी, ज्याने या रुग्णाला पूर्वी तपासले आहे असा कोणी जाणता दहा मिनिटे फोनवर बोलला, ‘लघवीला जळजळ आहे का, ताप किती, हे लक्षण पूर्वी याच पायात आले होते का, पंख्याखाली बसल्यावर कमी होते का,’ एवढे विचारून त्याने तालुक्याच्या प्रयोगशाळेत लघवीची तपासणी करवून घेतली, तर एक अनावश्यक उपचार टळतो आणि एक आवश्यक उपचार वेळेवर होतो. उलट झटका खरा असेल, तर तोंडाने घेतलेले तेवढ्याच मात्रेचे औषध सलाईनइतकेच उपयोगी पडते, असे फ्रान्समधील 2015 च्या चाचणीने दाखवले आहे. त्यामुळे संसर्ग नाही याची खात्री पटल्यावर रुग्णाला जागचे हलवण्याचेही पुष्कळदा कारण उरत नाही. दूरस्थ चिकित्सेचे सर्वांत मोलाचे काम मला हेच वाटते, आणि त्याला कॅमेरासुद्धा लागत नाही.

साध्या फोनची ही योग्यता संशोधनातही दिसते. डेव्हिड मोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये अमेरिकेत, या व्याधीसोबत विषण्णता असलेल्या 127 जणांना सोळा आठवडे केवळ दूरध्वनीवरून मानसोपचार दिले. विचार आणि वर्तन यांना वळण लावणारी पद्धत आणि भावनिक आधाराची पद्धत अशा दोन तऱ्हा त्यांनी तोलल्या, दोहोंनी रुग्णांना बरे वाटले, पहिलीने थोडे अधिक, आणि वर्षभराने हा फरक मिटला तरी मिळालेला लाभ टिकून होता. शीण आटोक्यात ठेवण्यासाठी दिवसाची कामे कशी वाटून घ्यावी याचे वर्गही फोनवर समूहाने भरवून यशस्वी झाले आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ली शार्वे यांनी 2017 मध्ये 135 रुग्णांकडून घरच्या संगणकावर बारा आठवडे बुद्धीचे व्यायाम करवून घेतले, आणि नुसते खेळ खेळणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची प्रगती सरस आढळली. अंगाच्या व्यायामाबाबत मात्र पुरावा इतका नेटका नाही : कॉक्रेन संस्थेने 2015 मध्ये दूरस्थ पुनर्वसनाच्या नऊ चाचण्या आणि त्यांतील 531 रुग्ण एकत्र पाहिले, तेव्हा अल्पकालीन लाभाची चिन्हे दिसली, परंतु चाचण्यांच्या पद्धती इतक्या भिन्न आणि दर्जा इतका कमी-अधिक की ठाम निष्कर्ष काढणे त्यांनी नाकारले. यातून मी असा बोध घेतो की दूरस्थ चिकित्सेचे यश चित्राच्या स्पष्टतेवर कमी आणि संवादाच्या नियमितपणावर अधिक अवलंबून आहे. आठवड्याला ठरल्या वारी, ठरल्या वेळी फोन करणारा माणूस मिळाला, तर घाटमाथ्यावरच्या वाडीत चित्र गोठले आणि आवाज तेवढा पोहोचला तरी काम होते.

औषधांच्या बाबतीत अंतराला मर्यादा औषधच घालून देते. इंटरफेरॉनच्या सुया दोन ते आठ अंश तापमानात ठेवाव्या लागतात, आणि भारनियमनाच्या गावात हा प्रश्न डॉक्टराच्या सल्ल्याने सुटत नाही. फिंगोलिमोडच्या पहिल्या गोळीनंतर नाडी मंदावण्याचा संभव असल्याने सहा तास देखरेख लागते. आपल्याकडे स्वस्त पडते म्हणून विशेष वापरले जाणारे रिटुक्सिमॅब शिरेतूनच द्यावे लागते, आणि त्याआधी यकृतदाह व क्षय यांची झडती घ्यावी लागते. हे सर्व रुग्णालयातच व्हावयाचे. पण पांढऱ्या पेशींची गणना, यकृताच्या तपासण्या, पुढील मात्रेची तारीख, आधी घ्यावयाच्या लसी, या साऱ्यांचा पाठपुरावा दुरून उत्तम होतो, किंबहुना तो दुरूनच व्हावा; कारण एक रिपोर्ट दाखवण्यासाठी दोनशे किलोमीटर जावे लागते म्हणून रिपोर्ट काढणेच सोडून दिलेले रुग्ण थोडे नाहीत. अट एवढीच, की प्रत्येक रुग्णाचे एक दप्तर असावे, त्यात झटक्यांच्या तारखा, एमआरआयच्या तारखा, औषधाची सुरुवात व शेवट आणि दर भेटीची कैफियत एका ठिकाणी नोंदलेली असावी, आणि त्याची प्रत रुग्णाच्या हाती असावी. व्हॉट्सअॅपवर इतस्ततः विखुरलेले कागद म्हणजे दप्तर नव्हे.

येथवरच्या विवेचनातून जी रचना आपल्या परिस्थितीला साजेशी दिसते ती द्विपक्षीय नसून त्रिपक्षीय आहे : एका टोकाला रुग्ण, दुसऱ्या टोकाला शहरातला तज्ज्ञ, आणि रुग्णाच्या शेजारी, हातोडी आणि टॉर्च घेऊन बसलेला गावचा डॉक्टर किंवा तालुक्याचा फिजिओथेरपिस्ट, ज्याचा हात तज्ज्ञाच्या सांगण्यावरून चालतो. ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. सरकारच्या ई-संजीवनी या सेवेचा 2019 च्या नोव्हेंबरात झालेला आरंभ नेमका याच धर्तीवर, आरोग्य केंद्रातील कर्मचारी रुग्णाजवळ आणि डॉक्टर दूर, असा होता. रुग्णाने थेट घरून बोलण्याची सोय 2020 च्या एप्रिलमध्ये तिला जोडली गेली, आणि 2023 च्या फेब्रुवारीपर्यंत दहा कोटी सल्ल्यांची नोंद झाली. एवढा मोठा पसारा मुख्यतः ताप, रक्तदाब, मधुमेह अशा सर्वसामान्य तक्रारींसाठी राबतो, यात गैर काही नाही. पण याच नळातून महिन्यातला एक ठरावीक दिवस मज्जाविकारांना राखून ठेवला, आणि वैद्यकीय महाविद्यालयातील न्यूरॉलॉजी विभागाने त्या दिवशी आपल्या विभागातील उपजिल्हा रुग्णालयांशी बसावे असे ठरवले, तर झटका की संसर्ग, हा प्रश्न रुग्णाच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर सुटू शकेल. गावच्या डॉक्टराचाही यात लाभ आहे. दहा रुग्णांच्या अशा तपासण्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करणारा डॉक्टर अकरावा रुग्ण स्वतः ओळखतो. त्याला त्याच्या वेळेचा मोबदला मात्र मिळाला पाहिजे. आज शहरातला तज्ज्ञ दूरभेटीचे शुल्क घेतो, आणि रुग्णाजवळ बसून हातोडी चालवणारा फुकट राबतो. अशा पायावर कोणतीही व्यवस्था टिकणार नाही.

शेवटी एक गोष्ट सरकारदरबाराची. 2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने जे 21 प्रकार मान्य केले त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्पष्ट आहे, आणि या मान्यतेसाठी रुग्णांनी व त्यांच्या संस्थांनी दीर्घकाळ झगडा केला. परंतु दाखला मिळवायचा तर सिव्हिल हॉस्पिटलात वैद्यकीय मंडळापुढे जातीने रुजू व्हावे लागते. या व्याधीत अपंगत्व कमी-जास्त होते म्हणून दाखला पुष्कळदा मुदतीचा मिळतो, आणि मुदत सरली की चाकाच्या खुर्चीतल्या रुग्णाला रिक्षातून, जिन्यावरून, रांगेतून पुन्हा त्याच मंडळापुढे आणावे लागते. तेथे बसलेल्यांत मज्जाविकारतज्ज्ञ असेलच असे नाही, आणि दिसण्यात धडधाकट पण शिणाने व अंधूक दृष्टीने खचलेली तरुणी तेथून पुष्कळदा रिकाम्या हाताने परतते. पहिली तपासणी प्रत्यक्ष व्हावी, हे मला मान्य आहे. फेरतपासणी मात्र उपजिल्हा रुग्णालयातच व्हावी. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने हातांनी तपासावे, शहरातील मज्जाविकारतज्ज्ञाने चित्रसंवादातून पाहावे व विचारावे, रुग्णाचे दप्तर दोघांसमोर उघडे असावे, आणि दाखल्यावर दोघांच्याही सह्या असाव्यात. आणि ज्यांची चालण्याची शक्ती गेली असून ती परत येण्याची आशा वैद्यकाने सोडली आहे, त्यांच्या दाखल्यावर मुदतीची तारीख घालण्याचे मुळी कारणच नाही.